करंजाच्या विहिरीचा दावा

सातारा,
३ डिसेंबर २०२५

ती. लालासाहेबकाकांना अपेक्षाचा सा. नमस्कार.

परवा फोनवर मी रडले असं तुम्हाला वाटलं असेल, तर तो समज काढून टाका. मी संतापले होते. संताप आला की माझा आवाज बारीक होतो, हे आईला ठाऊक आहे, तुम्हाला कुठून असणार. "बाजारभाव फोनवर, भानगड पत्रात" असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात, म्हणून हे पत्र. तुमच्या पुतणीचं, राजेश्वरीताईंचंही तेच म्हणणं आहे. त्या आता माझ्या वकील आहेत. खटल्यातला एक शब्द मेंढपाळांच्या ग्रुपवर टाकायचा नाही अशी त्यांनी तंबी दिली आहे, कारण त्या ग्रुपात कंपनीची माणसं मेंढपाळ बनून शिरली आहेत.

भानगड अशी. माझं 'मेंढवाट' ॲप मागच्या आठवड्यात ॲप-स्टोअरवरून काढून टाकलं. पुण्याच्या त्या कंपनीनं तक्रार केली की मेंढवाट ही त्यांच्या 'कळपमित्र'ची नक्कल आहे. स्टोअरवाल्यांनी मला काही न विचारता दार बंद केलं. ज्यांच्या मोबाईलमध्ये ॲप आधीपासून आहे त्यांचं चालू आहे, पण नवीन माणसाला ते मिळत नाही.

काका, तुमच्या वावरात आमची मेंढरं बसायची तेव्हापासून तुम्ही हे बघत आलाय. दिवाळी झाली की आमची माणसं माण तालुक्यातून खाली उतरतात. कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, वाटेत पाणी कुठं, हे सगळं तोंडी चालायचं. मी ते मोबाईलवर आणलं. शेतकरी स्वतःच्या आवाजात सांगतो की माझं रान रिकामं आहे, या. मेंढपाळ ऐकतो, वाचता येण्याची गरज नाही. वाटा आणि पाणवठे माझ्या वडिलांनी, आण्णांनी सांगितले, त्यांच्याच आवाजात. आमच्याकडं हरिबा गोरडनं पाणी सांगितलं की माणूस पुन्हा चौकशी करत नाही.

मग दोन वर्षांपूर्वी कंपनीनं मला "एकत्र काम करू" म्हणून पुण्याला बोलावलं. मी भोळी. सगळं उघडून दाखवलं, त्यांनी कॉफी पाजली, आणि वर्षभरात कळपमित्र बाजारात आलं. आता म्हणतात नक्कल माझी. मी आधी केलं, पण नोंदणीचे कागद त्यांच्याकडं आहेत.

आणखी एक. कळपमित्रात नाव घातलं की मेंढपाळानं दुसऱ्या कुठल्या ॲपवर नाव घालायचं नाही, आणि जो शेतकरी त्यांचं खत घेतो त्यानं मेंढरं त्यांच्याच मार्फत बसवायची, अशा त्यांच्या अटी आहेत. त्याबद्दल स्पर्धा आयोगाकडं वेगळी तक्रार करायची असं ताई म्हणतात. पण आधी सातारच्या जिल्हा न्यायालयात दावा. नक्कल मी केली नाही, त्यांनी केली, एवढं सिद्ध झालं पाहिजे. नाहीतर मेंढवाट संपली आणि आमच्या माणसांनी कुठं उतरायचं ते पुण्यात बसून ठरणार.

मी हरणार नाही. तुम्ही फक्त तुमच्या बाजूला कळपमित्र कोण वापरतं ते बघा, आणि त्यात माझं काय काय दिसतं ते कळवा.

आपली,
अपेक्षा


मु. पो. तासगाव, जि. सांगली
१० डिसेंबर २०२५

चि. अपेक्षा हीस अनेक आशीर्वाद.

रडत नव्हतीस हे मान्य. आता ऐक, तुझ्यासाठी मी काय कामगिरी केली.

तुझं पत्र आल्या दिवशी मी कळपमित्र स्वतःच्या मोबाईलवर उतरवून घेतलं. त्यात 'आपण कोण' म्हणून विचारतात. मी 'मेंढपाळ' लिहिलं. घरात सगळे हसले. मी म्हटलं, अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली, गोटात शिरायचं तर वर्दी त्यांचीच घालावी लागते.

दोन दिवसांनी बिरदेव त्याची मेंढरं घेऊन माझ्या बागेच्या खालच्या पडीक रानात आला. तुझ्या वडिलांच्या भावकीतला, तू ओळखतेस. मेंढरांच्या जिभा बाहेर. हौदावर अशी तुटून पडली की दोन बाजूला ओढावी लागली. दोन कोकरं वाटेतच गेली होती. मी विचारलं, "आरं, वाटंत पानी न्हाई पाजलंस?"

बिरदेव म्हणाला, "आवं सुभेदार, मोबाईलात पानी हाय, जमिनीत न्हाई. करंजाची विहीर, बारमाही पानी, असं त्यात बाई बोलती. म्या मेंढरं तिकडं वळवली. तिथं नुसता डांबरी रस्ता. विहीर बी न्हाई आन् करंज बी न्हाई."

त्याचा जुना मोबाईल मोडला, नव्यावर तुझी मेंढवाट मिळेना, म्हणून त्यानं कळपमित्र घेतलं होतं. आता करंजाची विहीर मला पक्की माहीत आहे. विट्याकडचा रस्ता रुंद झाला तेव्हाच बुजवली. मग मी माझ्या मोबाईलवर तुझी मेंढवाट उघडली. तिच्यातही तीच विहीर, तिथंच, आणि बारमाही.

माझी ट्यूब पेटायला जरा वेळ लागला, पण पेटली. आमचे एक साहेब सांगायचे की नकाशे करणारे लोक मुद्दाम एखादी खोटी वाट घालून ठेवतात. कुणी नकाशा चोरला की त्या खोट्या वाटेवरून पकडला जातो. पोरी, तू ही विहीर मुद्दाम पेरून ठेवलीस ना? आणि मला बोलली नाहीस. कंपनी त्यात सरळ चालत येऊन पडली. असं डोकं माझ्या पलटणीत एकाचंही नव्हतं.

राजेश्वरीला आजच कळवतो. तू फक्त होय म्हण.

तुझा,
लालासाहेबकाका


सातारा,
१७ डिसेंबर २०२५

ती. काकांना सा. नमस्कार.

होय. मुद्दाम पेरली होती.

बिरदेवदादाच्या कोकरांचं ऐकून फार वाईट वाटलं. त्याला माझ्याकडून काही द्यायचं असेल तर सांगा.

ताईंचा फोन आला होता. विहिरीवरून खटला उभा राहील असं त्या म्हणतात. चांगलं झालं. एक विनंती आहे. विहिरीचं आण्णांना एवढ्यात सांगू नका. त्यांचा गुडघा दुखतोय, कोर्टकचेरीच्या बोलण्यानं त्यांना उगाच घोर लागतो.

थंडी बरीच आहे. द्राक्षांच्या घडांवर भुरीचा रोग येत नाही ना?

आपली,
अपेक्षा


तासगाव,
२४ डिसेंबर २०२५

चि. अपेक्षा हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे तार आली म्हणायची. एवढा मोठा डाव टाकलास आणि चार ओळींत उरकलंस. मी असतो तर चार पानं लिहिली असती. असो, मोठी माणसं कमी बोलतात.

राजेश्वरीनं प्रतिज्ञापत्राचा मसुदा केला आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की सदर विहीर अस्तित्वात नाही हे माहीत असूनही वादीनं ती मुद्दाम घातली होती, आणि प्रतिवादीनं ती जशीच्या तशी उचलली. सही तुझी. तुला येत्या आठवड्यात पाठवते म्हणाली.

मला तर आता चेव चढलाय. माझं ऐकशील तर आणखी पाच-सहा खोट्या विहिरी पेर. इकडं मी जागा सुचवतो. ते अजून तुझं उचलतायत हे नक्की, रोज उचलत असतील. महिन्याभरात त्या सगळ्या विहिरी कळपमित्रात उगवतील आणि कोर्टात त्यांना तोंड लपवायला जागा उरणार नाही. मेंढपाळांना आपण तोंडी सांगून ठेवू.

बिरदेवला काही देऊ नकोस. तो कंपनीच्या नावानं बोटं मोडतोय. भर बाजारात म्हणाला, "ज्यानं ही विहीर सांगितली त्याच्या वाड्यावर माजी सावली पडायची न्हाई." मी हसलो.

आणि तुझी एक विनंती माझ्याकडून मोडली गेली. रागावू नकोस. पोरीच्या हुशारीचं बापाला कळायला नको म्हणजे काय? मी काल हरिबाला फोन लावला. म्हटलं, गड्या, तुझ्या लेकीनं करंजाच्या विहिरीत अख्खी कंपनी बुडवली. विहीर बुजलीय हे तुम्हा बापलेकीला ठाऊक असून कसं बेमालूम सांगितलंत. बिरदेवच्या कोकरांचंही सांगितलं. तो ऐकत होता. मग आवाज येईना. रेंज गेली असेल, तुमच्या माणात तिचं काही खरं नाही. पुन्हा लावला तर बंद लागला.

सही करून पाठव. आपण जिंकलो असं समज.

तुझा,
काका


दहिवडी, ता. माण
६ जानेवारी २०२६

ती. लालासाहेबकाकांना सा. नमस्कार.

रेंज गेली नव्हती, काका.

मी तुमच्याशी खोटं बोलले. विहीर मी पेरली नव्हती. करंजाची विहीर आण्णांनी सांगितली, त्यांच्या आवाजात, आणि ती तिथं आहे असंच मी धरून चालले. तुमचं पत्र वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ती बुजली आहे. कळल्यावर मला काय वाटलं ते सांगते, राग आला तरी चालेल. मला आधी बरं वाटलं, की तुम्ही सापळा म्हणताय तर आण्णांची चूक झाकली जाईल. आमच्यात म्होरक्यानं चुकीचं पाणी सांगितलं तर त्याला कुणी बोलून दाखवत नाही, नुसतं पुन्हा विचारत नाही. मला ते बघायचं नव्हतं. म्हणून मी "होय" लिहिलं.

तुमच्या फोननंतर आण्णांनी मोबाईल बंद करून ठेवला. आईनं मला बोलावून घेतलं. मी आले तर घोंगडं पांघरून अंगणात बसलेले. मी म्हटलं, "आण्णा, ताई म्हणतात मी मुद्दाम घातलं असं लिहिलं की भागतंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "म्हंजी मेंढरं मारायला तू खोटं पानी लावलंस, असं लिवनार?"

मी त्या बाजूनं विचारच केला नव्हता.

मग म्हणाले, "गुडगा गेल्यापास्नं म्या त्या वाटंनं गेलोच न्हाई गं. तू इचारलंस, हितं पानी हाय का. मला ठावं न्हाई असं म्हनायला जीभ उचलंना. ल्हानपनी पेलोय तिथं, म्हनून हाय म्हनलं."

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, चल. एस.टी.नं मायणीपर्यंत, तिथून पुढं दुसऱ्या गाडीनं. काठी टेकत रस्त्याच्या कडेनं चालत होते, ट्रक हॉर्न वाजवत जात होते. एका जागी थांबले आणि काठीनं डांबरावर दाखवलं, "हितं पायऱ्या हुत्या उतरायच्या. माजा बा खाली बसून वंजळीनं पाजायचा." मी म्हटलं, जाऊ दे आण्णा, मी ही नोंद पुसून टाकते, कुणाला कळणार नाही. ते म्हणाले, "पुसू नगं. लाव तुजं ते, बोलतो."

तिथंच रस्त्यावर उभे राहून ते जे बोलले, ते मी मेंढवाटेत करंजाच्या विहिरीच्या जागी घातलं आहे. शब्द न शब्द तुम्हाला लिहिते, कारण बिरदेवदादाच्या नवीन मोबाईलवर ते ऐकता यायचं नाही, तुम्हीच त्याला सांगा.

"म्या हरिबा गोरड बोलतोय. करंजाच्या विहिरीला पानी हाय असं म्या सांगितलं हुतं. ते चुकलं. गुडगा गेल्यापास्नं म्या हिकडं आलोच न्हवतो, आन् तसं सांगायची लाज वाटली. विहीर रस्त्यात गेली. बिरदेवची दोन कोकरं माज्यामुळं गेली. आता हितनं म्होरं जावा, वढ्याच्या अंगाला भाऊसोचं शेततळं हाय. हरिबाचं नाव सांगा, तो नगं म्हनायचा न्हाई."

प्रतिज्ञापत्रावर मी सही केली नाही. राजेश्वरीताईंना खरं सांगितलं. त्यांनी मला असं झापलं की माझे कान अजून गरम आहेत. नंतर शांत झाल्या आणि म्हणाल्या, मुद्दाम असो की चुकून, त्यांनी आपल्याकडून उतरवलेली चूक ती उतरवलेलीच. खरं लिहूनही खटला उभा राहतो. फक्त आण्णांना कोर्टात सांगावं लागेल. आण्णा म्हणाले, सांगतो.

आणि काका, खोट्या विहिरी मी पेरणार नाही. पाण्याचं खोटं सांगून जिंकलेला दावा मला नको. तुम्हीही हा विषय पुन्हा काढू नका.

आपली,
अपेक्षा


तासगाव,
१४ जानेवारी २०२६

चि. अपेक्षा हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग बागेत जाऊन उगाच मजुरांवर ओरडलो. माझी चूक झाली. तू सांगू नको म्हणालीस ते मी सांगितलं, आणि तेही फुशारकीनं. हरिबाच्या जागी मी असतो तर माझं तोंड पुन्हा बघितलं नसतं. त्यानं मात्र काल स्वतः फोन केला आणि विचारलं, "औंदा रान कवा रिकामं हुतंय?" मी म्हटलं, तुझंच आहे, केव्हाही पाठव.

खोट्या विहिरींचं मी बोललोच नाही असं समज. मला त्याची लाज वाटते.

बिरदेवला मी माझ्या मोबाईलवरून हरिबाचं बोलणं ऐकवलं. त्याला वाटत होतं विहीर कंपनीनं सांगितली. ऐकताना तो खाली बघत होता. संपल्यावर म्हणाला, "परत लावा." पुन्हा लावलं. मग उठला, तंबाखू झटकली आणि गेला. कसा गेला, रागानं की कसा, ते मला सांगता येणार नाही, उगाच गोड लिहीत नाही.

आता वाईट बातमी. कंपनीचं उत्तर आलंय, राजेश्वरीनं वाचून दाखवलं. म्हणतात, करंजाची विहीर जुन्या सरकारी नकाशात आहे. आम्ही तिथून घेतली, वादीनंही तिथूनच घेतली असेल, त्यात चोरी कसली. बघ, कसे वळले. नकाशात ती आहे हे खरंही आहे म्हणे. राजेश्वरी म्हणते, यामुळं आपला पुरावा निम्मा झाला. विहिरी, रस्ते, पाणी या कुणाच्या मालकीच्या गोष्टी नाहीत, त्या मांडण्यात आपली मेहनत होती आणि तीच त्यांनी उचलली, हे आता दुसऱ्या कशानं तरी दाखवावं लागेल.

पण तू मान खाली घालू नकोस. खरं लिहिलंस ना, मग आपल्याला काही लक्षात ठेवून बोलावं लागणार नाही. त्यांना लागेल.

तुझा,
काका


तासगाव,
३१ जानेवारी २०२६

चि. अपेक्षा हीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय, आणि हे पत्र स्पीड पोस्टानं टाकतोय. याची एक प्रत राजेश्वरीला पाठवली.

काल भाऊसो मोटारसायकल घेऊन माझ्या बेदाण्याच्या शेडवर आला. चांगलाच तापलेला. म्हणाला, "सुभेदार, ह्या हरिबानं माज्या तळ्याची जत्रा केलीया. आठवड्यात चार कळप आलं. जो येतोय त्यो म्हनतोय, हरिबानं पाठवलंय."

मी म्हटलं, मग तू काय केलंस?

"काय करनार? हरिबाचं नाव घेतल्यावर पाजलं की. आमच्या म्हातारीच्या दुखन्यात त्यानं शेळीचं दूध पोचवलंय म्हयनाभर. पर मागनं एक सांगलीकडचा आला. त्याला हरिबा कोन हे बी ठावं न्हाई. म्या इचारलं, आरं, मग नाव का घेतोस? तर म्हनला, मोबाईल सांगतोय."

मी लगेच माझं कळपमित्र उघडलं. करंजाची विहीर गेली होती. तिच्या जागी नवीन मजकूर आला होता, आणि ती यंत्रातली बाई शहरी आवाजात वाचत होती, "येथून पुढे जावे. ओढ्याच्या बाजूस भाऊसो यांचे शेततळे आहे. हरिबा यांचे नाव सांगावे. ते नकार देणार नाहीत."

पोरी, हे कुठल्या सरकारी नकाशात छापलंय ते आता त्यांनी दाखवावं.

मी भाऊसोला खाली बसवून चहा पाजला आणि म्हटलं, आणखी आठ-दहा कळप आले तरी पाज, पंपाच्या डिझेलचं मी बघतो. तो म्हणाला, पाणी माझं, मग डिझेल तुमचं कशाला. आता साक्षीला यायला तयार आहे. पांढरी टोपी घालू की फेटा, एवढंच विचारत होता.

तारीख लागली की कळव. मी येणार.

तुझा,
काका


सातारा,
१२ मार्च २०२६

ती. लालासाहेबकाकांना सा. नमस्कार.

तुम्ही द्राक्षांच्या तोडणीत अडकलात आणि येऊ शकला नाहीत, म्हणून सगळं लिहिते. आधी निकाल, नाहीतर तुम्ही पत्राच्या शेवटाकडं डोळे न्याल. हा कायमचा निकाल नाही, तात्पुरता हुकूम आहे. दावा चालेल तोवर कंपनीनं मेंढवाटेविरुद्ध कुठंही नकलेची तक्रार करायची नाही, आणि आमच्याकडून घेतलेल्या वाटा-पाणवठे कळपमित्रातून काढायचे. स्टोअरवाल्यांना हुकमाची प्रत गेल्यावर तीन दिवसांत मेंढवाट परत स्टोअरवर आली. स्पर्धा आयोगाकडची तक्रार दाखल झाली आहे, तिला वेळ लागेल. लागू दे. बिरदेवदादानं पहिल्याच दिवशी मेंढवाट उतरवून घेतली आणि मला फोन करून विचारलं की माणात परत येताना वाट कुठली बरी, ते आण्णांना विचारून सांग. आण्णांना विचारून, असं म्हणाला तो.

आता कोर्टातलं.

कंपनीचे वकील मुंबईहून आले होते. तेच जुनं बोलणं, की माहिती सार्वजनिक आहे, नकाशा सर्वांना खुला आहे, आमच्या पथकानं जागेवर जाऊन खातरजमा केली. राजेश्वरीताईंनी सगळं बोलू दिलं. मग न्यायाधीशांच्या परवानगीनं कळपमित्र मोठ्यानं लावलं. ती बाई बोलली, "हरिबा यांचे नाव सांगावे. ते नकार देणार नाहीत."

न्यायाधीश बाई आहेत, चष्म्यावरून बघतात. त्यांनी वकिलांना विचारलं, "हे हरिबा आपल्या कंपनीत कोणत्या पदावर आहेत?"

वकिलांनी मागं बसलेल्या कंपनीच्या माणसाकडं बघितलं. त्यानं मोबाईलमध्ये बघितलं. वकील म्हणाले, माहिती घेऊन सांगण्यासाठी मुदत मिळावी. मागं कुणीतरी हसलं, पण तो भाऊसो नव्हता, तो फेटा सांभाळत ताठ बसला होता.

आण्णा माझ्या शेजारी होते. ते काठीवर जोर देऊन उठले. शिपाई त्यांना बसवायला आला, न्यायाधीशांनी हातानं थांबवलं आणि विचारलं, "आपणच का?"

"व्हय बाईसाहेब. म्या हरिबा. पर ह्यांच्यात न्हाई म्या."

"बसा, आपलं प्रतिज्ञापत्र वाचलं आहे मी."

आण्णा बसले नाहीत. म्हणाले, "एक सांगू का? ह्या मोबाईलातल्या बाईनं सगळं सांगितलं न्हाई. माजं पानी घेतलं ह्यांनी, माजं नाव घेतलं, भाऊसोचं घेतलं. म्या चुकलो म्हनून सांगितलं हुतं, तेवढंच टाकून दिलं. ते बी माजंच हाय. ते लावा."

मला आण्णांकडं बघवेना. मी इतके दिवस जे झाकायला धडपडत होते ते आण्णा भर कोर्टात मागून घेत होते. न्यायाधीशांनी मान हलवली. मग ताईंनी मेंढवाट लावली आणि आण्णांचा आवाज खोलीभर झाला, पाठीमागच्या ट्रकच्या हॉर्नसकट. ते चुकलं. सांगायची लाज वाटली. बिरदेवची दोन कोकरं माज्यामुळं गेली.

कंपनीचे वकील कागद आवरायचे थांबले होते. टंकलेखनाला बसलेली मुलगी आण्णांकडं बघत होती. आण्णा कुणाकडंच बघत नव्हते.

मोबाईलातला आवाज थांबेपर्यंत ते उभे होते. मग बसले.

आपली,
अपेक्षा